पैनगंगेपलीकडे वकीलसाहेबांचा परवाना

गाडी घेऊन वर्ष होत आलं तरी आम्ही हिंगोलीच्या बाहेर पंधरा मैलांपलीकडे गेलो नव्हतो. संक्रांत झाल्यावर एका सकाळी वकीलसाहेब, म्हणजे आमचे यजमान, चहाची बशी खाली ठेवत म्हणाले, "वऱ्हाड बघून येऊ. वाशीम, मंगरूळ, मानोरा. तीन दिवस." तिकडे काय आहे, असं मी विचारलं. "रस्ता आहे," ते म्हणाले. मला ते कारण पटलं नाही, पण नाही म्हणायलाही काही कारण नव्हतं. मी दशम्या करायला घेतल्या.

आमच्या भागातून वऱ्हाडात जायचं म्हणजे परदेशीच जायचं. हिंगोली निजामाच्या राज्यात, आणि पैनगंगा ओलांडली की इंग्रजी अंमल सुरू. भाषा तीच, ज्वारीही तीच, पण नाणं वेगळं, पोलीस वेगळे, कागद वेगळे. आपला हाली रुपया तिकडचा दुकानदार उलटसुलट करून परत देतो, तेव्हा इंग्रजी कलदार रुपये बरोबर घेऊनच निघावं. पेट्रोलचे दोन डबे ठेवावे. आणि मोटारीचा परवाना आपल्याकडे उर्दूत असतो, तो तिकडच्या शिपायाला वाचता येत नाही, हे धरून चालावं. आमची अडचण त्याहून थोडी मोठी होती. परवाना वकीलसाहेबांच्या नावाचा होता आणि गाडी चालवणार होते मी.

मागच्या पावसाळ्यापासून त्यांना जरा धुरकट दिसत होतं. 'जरा धुरकट' हे शब्द त्यांचे. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे, पिकू द्या. तेव्हापासून एका कापसाच्या जिनाच्या मोकळ्या आवारात मी गाडी शिकले आणि गावाबाहेर चालवू लागले. हे कोर्टात कोणाला कळू द्यायचं नव्हतं. वकिलाला नीट दिसत नाही अशी कुजबुज झाली की पक्षकार आठ दिवसांत दुसऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसतात, आणि आमचं घर त्या पक्षकारांवर चालतं. म्हणून बेत असा ठरला, की मोकळ्या रस्त्यावर मी चालवायचं आणि पोलीस चौकी आली की फर्लांगभर आधी थांबून जागा बदलायच्या. बाई चालवताना दिसली की गाडी थांबवणार, थांबवली की परवाना मागणार, आणि परवान्यावरून बोलणं डोळ्यांवर जाणार. त्यापेक्षा फर्लांगभर त्यांनी चालवलेलं बरं, असं आम्हा दोघा शहाण्यांना वाटलं.

पहिल्या दिवशी कानेरगावच्या नाक्यावर हे छान जमलं. आपल्याच बाजूच्या शिपायाने डबे मोजले, गादीखाली हात घालून पाहिला आणि सलाम केला. मी शेजारी बसून हळू आवाजात 'डावीकडे, आता सरळ, बैल आहे' असं सांगत होते. पैनगंगेत या दिवसांत पाणी घोट्याएवढं असतं. उताराच्या जागी वाळूवर तुराट्या अंथरलेल्या होत्या, तरी चाकं रुतलीच. दोन गाडीवानांनी खांदा लावला आणि नको नको म्हणत चहापुरते पैसे घेतले. पलीकडे हरभरा घाट्यांवर आला होता. वाशीमला दुपारी पोचलो, बालाजीचं दर्शन घेतलं, धर्मशाळेत खोली मिळाली. खोली स्वच्छ, खाट एकच आणि तिचाही सुंभ सैल. खानावळीत भाकरी, तुरीचं वरण आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा होता. वकीलसाहेब म्हणाले, "जेवण चांगलं आहे, उजेड कमी आहे." उजेड भरपूर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगरूळच्या रस्त्याला लागलो. रस्ता खडीचा, मधूनमधून उखडलेला, दोन्ही बाजूंना कडुनिंब. गाव दिसू लागल्यावर ठरल्याप्रमाणे जागा बदलल्या. तो बाजाराचा दिवस होता, हे आम्हाला माहीत नव्हतं. गावकुसाजवळ माळ्यांच्या बायका रस्त्याच्या कडेला भाजी मांडून बसल्या होत्या. मी 'उजवीकडे' म्हणेपर्यंत पुढचं डावं चाक एका वांग्यांच्या ढिगावरून गेलं आणि सांबाराच्या जुड्यांवर थांबलं. सांबार म्हणजे तिकडची कोथिंबीर. वास सगळीकडे पसरला.

माळीण उठून उभी राहिली. वय माझ्याएवढंच असेल. ती ओरडली नाही, चाकाखाली वाकून तिने एक अख्खं वांगं काढलं आणि पदराला पुसलं. "साहेब, इतले मोठ्ठे वांगे नाई दिसले तुमाले?" तिने विचारलं.

मी उतरून तिला सगळ्या मालाचे पैसे दिले. तेवढ्यात चौकीवरचा हवालदार आला. पोटाने भारदस्त आणि बोलायला सावकाश.

"गाडी कोठची?"

"हिंगोलीची."

"म्हंजे मोगलाईतली. परवाना दाखवा."

मी परवाना दिला. त्याने तो दोन्ही बाजूंनी पाहिला आणि समोरच्या दुकानाकडे मान वळवली. "ओ मास्टर, जरा इकडं या. हे वाचून द्या."

पत्र्याच्या दुकानातून शिंपी बाहेर आला. साठीचा मुसलमान गृहस्थ, गळ्यात टेप, कानामागे खडू, हातात गिऱ्हाइकाच्या मापाची चिठ्ठी. आपल्याला वाटतं वऱ्हाडात उर्दू कोण वाचणार. प्रत्येक बाजारगावात वाचणारा एक तरी असतोच, हे मी आता अनुभवावरून सांगते. त्याने नाव, बापाचं नाव, वय, राहणार हिंगोली, असं खणखणीत वाचलं. शेवटी अडखळला. "इथं शाई पसरून राह्यली हवालदारसाहेब, मुद्दत कधीपर्यंत ते लागत नाई. वकीलसाहेब, आपही पढ लीजिए, आपका कागज है."

असं म्हणून त्याने कागद खिडकीतून आत दिला. वकीलसाहेबांनी तो घेतला, हातभर लांब धरला, कोर्टात धरतात तसा. मग घसा साफ करून वाचू लागले. परवाना फलाण्या तारखेपासून फलाण्या तारखेपर्यंत, फी भरून पावली, दस्तखत अमुक. उर्दू अस्खलित, आवाज ठाम. हवालदार मान डोलावत होता.

मला उर्दू येत नाही. पण परवान्याला निळा शिक्का आहे हे मला माहीत होतं, आणि तो निळा शिक्का अजून शिंप्याच्या डाव्या हातात होता. घाईत त्याने मापाची चिठ्ठी दिली होती. आमचे वकीलसाहेब कोणाच्या तरी शेरवानीचं माप हातात धरून परवाना वाचत होते.

शिंप्याच्या ते माझ्या आधी लक्षात आलं असावं. त्याने आपल्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला तेव्हा पळून जावंसं वाटलं, हे कबूल करते. वाचन संपलं. हवालदाराने विचारलं, "बराबर हाय का मास्टर?"

"बिलकुल बराबर," शिंपी म्हणाला. मग खिडकीशी येऊन त्याने चिठ्ठी अलगद काढून घेतली, परवाना माझ्या हातात दिला आणि फक्त मला ऐकू जाईल असं बोलला. "बाई, पुढं गर्दी हाय. तुमाले येत असंन तं तुमीच चालवा."

गावाबाहेर पडताच मी गाडी हातात घेतली. मानोऱ्यापर्यंतचा रस्ता बघण्यासारखा आहे. टेकड्या, पळस, मधूनच तांडे, तांड्यांवरच्या बायकांच्या घागऱ्यांवरची भिंगं उन्हात चमकतात. बरेच तांडे अर्धे रिकामे होते, माणसं कामाला बाहेर गेलेली. मी हे सगळं पाहिलं आणि त्यातलं काही मनात शिरलं नाही. एका नाल्याशी गाडीला पाणी पाजायला थांबलो, तेव्हा शिंप्याच्या चिठ्ठीचं सांगितलं आणि विचारलं.

"अक्षर कधीपासून दिसत नाही?"

त्यांनी टोपी झटकली. "दिवाळीपासून."

"मग कोर्टात?"

"मुन्शीजी सकाळी सगळे कागद मोठ्याने वाचतात. मी पाठ करतो. त्यांना वाटतं, मला ऐकायला आवडतं."

"आणि ही सहल?"

"तुला लांबचं चालवता येतं का, ते बघायचं होतं. बसमतची, कळमनुरीची कामं आहेत. पुढे तूच न्यायचं आहेस." मग म्हणाले, "चांगलं चालवतेस. खड्डा आला की शिव्या देतेस तेवढ्या कमी कर."

मी शिव्या देते हे मला माहीत नव्हतं. मानोऱ्यात एका दुकानदाराच्या पडवीत राहिलो, अंबाडीची भाजी आणि भाकरी खाल्ली. पैसे विचारल्यावर तो म्हणाला, "जेवनाचे काहून देता? पडवी झाडून ठेवा, झालं." सकाळी मी पडवी झाडली.

तिसऱ्या दिवशी परतताना मंगरूळ दिसू लागलं. मी नेहमीच्या सवयीने गाडी बाजूला घेतली. वकीलसाहेब उतरले नाहीत.

"चल," ते म्हणाले.

"हवालदार आहे तिथे."

"असू दे."

हवालदार होताच. त्याने हात केला, माझ्याकडे पाहिलं, शेजारी पाहिलं. "काल परवाना साहेबायच्या नावाचा वाचला होता. आज गाडी बाई काहून चालवून राह्यल्या?"

मी तोंड उघडलं होतं. काहीतरी थाप सुचलीही होती, वकीलसाहेबांना ताप आहे वगैरे. ते माझ्या आधी बोलले.

"मला दिसत नाही, हवालदारसाहेब. काल मी वाचलं नाही, पाठ म्हटलं. परवाना माझा आहे आणि चालवते ही. हिला परवाना नाही. त्या शिंप्याचा यात काही दोष नाही."

त्यांच्या तोंडून 'दिसत नाही' हे शब्द मी त्याआधी कधी ऐकले नव्हते. हवालदाराने टोपी काढून डोकं खाजवलं.

"तुमी वकील ना? मंग असं कबूल कायले करता?"

"कोणापुढे तरी करायचंच होतं," ते म्हणाले.

त्याने गाडी अडकवली नाही. पण वहीत सगळं लिहून घेतलं आणि स्पष्ट सांगितलं, की ही नोंद वाशीमला जाणार, तिथून साहेबाच्या मनात आलं तर पत्र हिंगोलीला जाणार. पुढच्या वेळी बाईंच्या नावाचा कागद आणा, नाहीतर गाडी इथे ठेवून घेईन, असंही बजावलं. मी हो म्हटलं. निघताना शिंप्याच्या दुकानाकडे पाहिलं. तो मशीनवर वाकलेला होता, त्याने मान वर केली नाही.

वाशीम, नदी, कानेरगाव, कुठेच आम्ही जागा बदलल्या नाहीत. दुपारी चारला घरी होतो.

पत्र यायच्या आत आपणच सांगावं, असं वकीलसाहेबांनी वाटेत ठरवलं होतं. मुन्शीजींना लगेच बोलावलं. पंधरा वर्षं आमच्याकडे कारकुनी करणारा सरळ माणूस. वकीलसाहेब म्हणाले, "मुन्शीजी, मला अक्षर दिसत नाही."

"जी," मुन्शीजी म्हणाले. "दिवाळीपासून."

"तुम्हाला माहीत होतं?"

"म्हणून तर तारखा दोनदा वाचत होतो. आणि सही करायच्या जागी कागदाला घडी घालून देत होतो. आपलं बोट तिथं बरोबर जायचं."

दोन पक्षकार गेले, बाकीचे राहिले. माझ्या परवान्याचा अर्ज दिला आहे, अजून उत्तर नाही. ज्यांना हा प्रवास करायचा आहे त्यांनी माघात करावा, नदीला पाणी कमी असतं, आणि मंगरूळला बाजाराच्या दिवशी जाऊ नये. माझ्यापुरतं विचाराल तर पळस आणि टेकड्या आता पुसट झाल्या आहेत. जिला दूध नासल्याचा वास दोन खोल्यांपलीकडून येतो अशी मी बाई, त्याच घरात राहून मला जे दिसलं नाही ते मुन्शीजींनी दारातून पाहिलं, शिंप्याने क्षणात ओळखलं. त्या दिवशी मला आधी दोघांचा राग आला, वकीलसाहेबांनी लपवलं म्हणून आणि मुन्शीजींनी सांगितलं नाही म्हणून. मग स्वतःचा आला. पहिले दोन राग गेले.