प्रोफेसरांनी जाळी काढली

आमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला सगळे प्रोफेसर म्हणतात. कॉलेजात शिकवतो म्हणून नव्हे, भेटेल त्याला शिकवल्याशिवाय सोडत नाही म्हणून. डॉक्टरला औषध सांगेल, न्हाव्याला कात्री कशी धरायची ते सांगेल. स्वतः मात्र बावीस वर्षांत एका नोकरीत धड टिकला नाही. का, तर म्हणे साहेबाला काही कळत नाही!

घर चालवलं धाकटीने, साबणाच्या कारखान्यात पॅकिंग करून. उभं राहून राहून कंबर गेली, तेव्हा कुठे तिने घरामागे रोपं करायला घेतली. हिरव्या जाळीखाली ढोबळी मिरचीचे ट्रे. अर्धं ऊन वर अडायचं, अर्धं खाली झिरपायचं. रोपं अशी तरारली, की एका बागायतदाराने एकदम चार हजार सांगितली. ही पसंत पडली, तर दर हंगामाला तिच्याकडूनच घेणार होता. म्हणजे कारखाना कायमचा सुटणार होता.

रोपं न्यायच्या आधी आठवडाभर त्यांना उन्हाची सवय लावतात. पहिल्या दिवशी सकाळी तासभर, मग दोन तास, असं हळूहळू. धाकटीने हे नवऱ्याला सांगितलं आणि ती खत आणायला गेली. सांगितलं, तिथेच चुकली.

"लाडाने बिघडलीत ही. सवय लावायची तर एकदाच लावावी," म्हणत या दीडशहाण्याने भर बारा वाजता अख्खी जाळी ओढून काढली. आणि आत जाऊन पंख्याखाली पसरला.

चार वाजता ती आली, तर पानं पांढरी पडलेली, रोपांनी माना टाकलेल्या. पाणी मारलं, जाळी परत चढवली. चार हजारांतली जेमतेम तीनशे वाचली.

दुसऱ्या दिवशी बागायतदार रोपं कुठवर आलीत ते बघायला आला. मीही तिथे होते.

"हे कुणी केलं?" त्याने विचारलं.

"माझ्याच हातून झालं," धाकटी म्हणाली.

आणि प्रोफेसर? मान हलवत म्हणतो कसा, "मी हिला बजावलं होतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार, तोच धाकटीने हात धरून मला बाजूला नेलं. "ताई, मी सोमवारपासून कारखान्यात परत जातेय. पण त्यांना काही बोलू नकोस गं. आधीच फार मनाला लावून घेतलंय त्यांनी."

मनाला लावून घेतलेले ते गृहस्थ तेव्हा फाटकाशी बागायतदाराला अडवून, रोपं कशी वाढवावीत ते समजावत होते.