सासूच्या पार्टीत मी कोकिळा झाले

सगळ्यांनी आपापली सासू बनून यायचं ठरलेलं असताना मी यजमानीण बनून गेले, हा माझ्या हातून घडलेला पहिल्या नंबरचा गाढवपणा. तेव्हा मी जेमतेम पन्नाशीची होते, म्हणजे अगदीच अजाण. नातवंडं विचारतात, “आजी, तू अशी होतीस?” मी म्हणते, “अजून तशीच आहे. गुडघे दुखतात म्हणून गप्प बसते.”

यजमानीण म्हणजे कोकिळा. गुजराती मुलखात, भेस्तानला आमची भिंतीला भिंत. मी परभणीकडची, ती धुळ्याकडची. बोलायची अहिराणी, समोरच्याला कळो न कळो. कुणाच्याही घरी गेली की बसायच्या आधी स्वयंपाकघरात शिरायची, पातेल्यावरचं झाकण उचलून वास घ्यायची आणि निकाल द्यायची, “मीठ कमी शे वं, माय!” चव न घेता! आणि मेलं मीठ खरंच कमी असायचं.

माझा जळफळाट तिथूनच सुरू झाला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी स्टीलचे डबे लुटले. बायकांनी डबे पिशवीत टाकले आणि निघाल्या. कोकिळेनं नुसता ज्वारीचा कोवळा पोंक, म्हणजे आपला हुरडा, आणि शेव पुढ्यात ठेवली, तर त्याच बायका तिच्याकडे दिवेलागणीपर्यंत हलल्या नाहीत. भिंतीपलीकडून हसणं यायला लागलं की मी टीव्हीचा आवाज वाढवायचे. नंतर तोच आवाज कमी करून भिंतीला कान लावायचे, तेही सांगून टाकते.

एकदा तिनं फर्मान काढलं, “मना घर पार्टी शे. सगळ्या जणी आपली सासू बनीसन या. तिनंच लुगडं, तिनंच बोलनं!” बायकांच्या अंगात उत्साह संचारला. अडचण माझीच. माझ्या सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारलेल्या. मी तसं म्हटलं, तर कोकिळा हात जोडून आपलीच सासू मला देऊ करत म्हणाली, “मनी सासू लई जाय वं. माले नको!” सगळ्या खिदळल्या. मी मात्र मनात धुमसत होते. खाष्ट सासूसुद्धा आपल्या नशिबी नाही, आणि ती पण हिच्याकडेच! थांब म्हटलं, तुझंच सोंग आणते. बघू मग कोण कोणाला हसतंय.

मग काय, आरशापुढे तालीम. तिचा पदर, तिची मान, तिचं झाकण उचलणं. आमच्या ह्यांना वाटलं, बाईच्या अंगात यायला लागलं.

पार्टी दुपारची, कोकिळेचा नवरा लूमच्या कारखान्यात गेल्यावर. समोरच्या हंसाबेन काठी टेकत, “दाळमां गोळ क्यां छे?” असं डाळीतल्या गुळावरून नसलेल्या सुनेला झापत आल्या. कोकिळा स्वतः डोळे वटारून पाटावर सासू होऊन बसलेली. मी कुणाशी न बोलता थेट स्वयंपाकघरात गेले, भरताच्या पातेल्यावरचं झाकण उचललं, वास घेतला आणि ओरडले, “मीठ कमी शे वं, माय!”

“अरे, आ तो कोकिळा ज छे!” हंसाबेनची काठी सुटली. कोकिळा तर हसून हसून पाटावरून घसरली. मला चेव आला. कुणाच्या लक्षात न आलेली तिची एक लकब मी शेवटी राखून ठेवली होती. मी तिच्यासारखी खदखदा हसले, हसता हसता मध्येच दाराकडे पाहिलं, चटकन तोंडावर पदर दाबला आणि मान खाली घातली.

हसणं थांबलं. बाईनं मोठ्यानं हसलेलं कोकिळेच्या नवऱ्याला खपत नसे. ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण आजवर कुणी तोंडातून काढलं नव्हतं. हंसाबेननी काठी उचलली आणि नुसतीच हातात धरून बसल्या. मला वाटलं, संपलं. आता ही मला हाताला धरून बाहेर काढणार आणि ही बैठक मला कायमची बंद होणार. ज्या घरात शिरायला मी इतकी वर्षं जळत होते, त्याचं दार मीच लावून घेतलं.

कोकिळा उठली. माझ्याजवळ आली. माझ्या तोंडावरचा पदर तिनं हलकेच खाली केला. मग अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली,

“इतलं ध्यान दीसन तं मना नवरानी बी माले कधी देखं नही वं.”