एका अंगणातले परुशी आणि सदूकी

शालिग्राम सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकरावीच्या वर्गावर होते. फोन ठेवला आणि दुःखाच्याही आधी मनात आलं, आता ते काम आपल्यालाच करायचं आहे. हे लिहायला संकोच वाटतो. ज्या माणसामुळे मी शिकले, आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर झाले, ते गेल्यावर मी आधी स्वतःच्या धास्तीचाच विचार केला... पण तसं झालं खरं. काम सरांनीच सोपवलं होतं, तीन आठवड्यांपूर्वी, खाटेवर पडल्या पडल्या.

सर मोताळ्याच्या आमच्या कॉलेजात प्राचीन जगाचा इतिहास शिकवायचे. रोमन अंमलाखालच्या यहुद्यांचा धडा आला की वर्गाचे चार भाग पडत. खिडकीकडचे बाक सदूकी, म्हणजे मंदिराचे मानकरी, लिहिलेलं शास्त्र तेवढंच मानणारे, रोमन सुभेदाराशी जमवून घेणारे. भिंतीकडचे परुशी. शास्त्र साध्या माणसाच्या घरात, त्याच्या ताटापर्यंत कसं पोचेल याचा खल करणारे. मागचे एसेनी, जग सोडून वाळवंटात एकत्र राहणारे, आणि दाराजवळचे झेलॉट, रोमनांविरुद्ध शस्त्र उचलणारे. मग भांडा म्हणायचे. मला सदूकी केलं तेव्हा मी रुसले होते. "सर, मले श्रीमंतायच्या बाजूनं काऊन बसवलं? आमच्या घरच्यायले तर मंदिराच्या पायरीवरही कोणी बसू देत नाही." सर हसले. "म्हणूनच बसवलं. दुसऱ्याच्या बाकावर बसल्याशिवाय त्याचं म्हणणं समजते का?" तेव्हापासून मी त्यांची ‘सदूकीणबाई’ झाले, ती नोकरी लागल्यावरही राहिले.

त्या धड्यात सर एक गोष्ट फार रंगवून सांगत. शब्बाथच्या दिवशी, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, घराबाहेर काही नेता-आणता येत नसे. साधं भांडंसुद्धा नाही. पण एका अंगणात पाच घरं असली तर काय करायचं? तेव्हा परुश्यांच्या परंपरेतल्या माणसांनी वाट काढली. सगळ्या घरांनी मिळून भाकरी एके ठिकाणी ठेवायची, म्हणजे सगळं अंगण मिळून एकच घर मानलं जाई. शेजारी सदूकी राहत असला की मात्र अडचण, कारण त्याला हे मान्यच नसे. आम्ही हसायचो. सर हसत नसत. ते का हसत नाहीत हे मला त्यांच्या घरी जायला लागल्यावर कळलं.

सरांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं, रामदासभाऊंचं, अंगण एकच. रामदासभाऊंनी मधल्या वयात महानुभाव पंथाचा उपदेश घेतला. तेव्हापासून ते दुसऱ्या देवाला दाखवलेल्या नैवेद्याचं अन्न घेत नाहीत. इकडे सरांच्या पत्नीच्या, आमच्या काकूंच्या, घरात निवद दाखवल्याशिवाय कोणाच्या तोंडात घास जात नाही. एका वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाला रामदासभाऊ वहिनींच्या आग्रहाखातर बसले, आणि पुरणपोळी वाढल्यावर हात जोडून उठले. त्यांच्या बाजूनं त्यांचं बरोबर होतं. काकूंच्या बाजूनं भरल्या ताटावरून दीर उठला होता, तोही सवाष्णींसमोर. त्या दिवसापासून दीर-भावजयीचं बोलणं बंद. सरांना मूलबाळ नाही. आजार कळल्यावर त्यांना मरणाची भीती नव्हती, भीती होती ती याचीच. आपण गेल्यावर ही बाई एकटी, आणि गावात तिचं म्हणून उरलेलं एकच माणूस वीस पावलांवर, न बोलणारं.

त्या शेवटच्या भेटीत काकू औषध आणायला गेल्या होत्या. सरांनी मला जवळ बोलावलं. आवाज अगदी खोल गेला होता. "सदूकीणबाई, मी वाट काढली. मी गेल्यावर सुतक लागन. सुतकात देव झाकलेले, निवद नसते. म्हणजे त्या दहा दिवसात हिच्या घरचं अन्न कोणत्याच देवाचं नाही. मंग रामदासले जेवाले काय हरकत? राख सावडून आल्यावर तू त्याले सांगजो." मी हो म्हटलं. बाहेर येऊन मोटारसायकलवर बसले आणि धास्ती सुरू झाली. मी कोण त्या घरात बोलणारी? नात्याची नाही, गोत्याची नाही. आणि दोघांपैकी एकानं जरी झिडकारलं, तर सरांची शेवटची इच्छा माझ्या तोंडून वाया जाणार होती.

तिसऱ्या दिवशी राख सावडून मंडळी परतली. पाहुणे पांगले. काकूंच्या बहिणीनं पिठलं-भाकरी केली होती. रामदासभाऊ अंगणात कडुनिंबाखाली एकटेच बसले होते. मी जाऊन उभी राहिले. "दंडवत, ताई," ते म्हणाले. मी रात्रभर घोकलेलं सुरू केलं. यहुद्यांमध्ये परुशी म्हणून एक पंथ होता, त्यांचं शेजारच्या सदूक्यांशी अंगणावरून...

"ताई, ते परुशी-गिरुशी राहू द्या," त्यांनी मला मध्येच थांबवलं. "सुतकात निवद नसते, हेच ना? दादानं मले महिन्याआधीच सांगतलं. मी इथं वाट पाहून राह्यलो. वयनी बोलावतीन काय, तेवढं सांगा."

मी आत वळले तर काकू दारातच उभ्या. पदर डोळ्याला. त्यांनी माझ्याकडेच पाहून, पण अंगणात ऐकू जाईल असं म्हटलं, "त्यायले सांग, देव झाकून हायेत. मलेही सांगतलं होतं यायनं. तिघायलेही एकच धडा शिकवला वाटते. या म्हणा, पिठलं थंड होऊन राह्यलं."

मला रडू यायला हवं होतं. मी हसले. काकूही हसल्या, आणि मग रडल्या. रामदासभाऊ जेवले. दोन भाकरी खाल्ल्या. मिरची मागून घेतली. मी तेव्हा एवढी हलकी झाले होते की भांडी घासायला बसले, कोणी सांगितलं नसताना.

पण सुतक दहा दिवसांचंच असतं. दहावं-तेरावं झालं, देव उघडले, दिवा लागला, आणि माझी धास्ती पुन्हा सुरू झाली. सरांची वाट तिथे संपत होती. पुढचं त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. म्हणून मागच्या रविवारी मी मुद्दाम जेवणाच्या वेळेला गेले. काकूंचा स्वयंपाक झाला होता. त्यांनी एक ताट घेतलं. वरण, भात, भाकरी, वांग्याची भाजी वाढली, वर दुसरं ताट झाकलं आणि बाजूला ठेवलं. मग देवाचं वाढायला घेतलं. आयुष्यभर देवाआधी कोणासाठी भाताचं शीतही न काढलेली ही बाई! माझं तोंड पाहून म्हणाल्या, "काय पाह्यतं? भाऊजीले शुगरची गोळी असते, उशीर चालत नाही. देव काय, तो थांबते."

सर होते तेव्हा रोज याच वेळी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून अंगणापलीकडे ओरडायचे, "रामदास, जेवला का बे?" आणि तिकडून उत्तर यायचं, "हाव दादा, जेवलो." इतकी वर्षं दोघा भावांचं जेवणाबद्दलचं बोलणं तेवढंच. काकू त्याच दारात जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना विचारायचं काही उरलंच नव्हतं. त्यांनी फक्त हाक मारली, "भाऊजी, वाढलं हो!"