बटणताईच्या हातातली पट्टी

माझी थोरली बहीण मुलींच्या वसतिगृहात देखरेखीला होती. मुली कॉलेजला गेल्या की खोल्याखोल्यांतून फिरून चालू राहिलेले दिवे-पंखे बंद करायची, म्हणून मुलींनी तिचं नाव ठेवलं ‘बटणताई’. निवृत्तीनंतरही ती सवय सुटली नाही. बाहेर पडताना आधी घरातलं एकेक बटण बंद करायचं, मगच चपला.

गेल्या वर्षी ती न्हाणीघरात पडली आणि शेजारीण येईपर्यंत तशीच पडून राहिली. हाड जुळलं, धास्ती गेली नाही. मला म्हणाली, “मरणाचं काही नाही रे. पण तसं एकटीनं जमिनीवर पडून राहणं पुन्हा नको.”

परगावी असलेल्या तिच्या मुलाने मनगटावर बांधायची पट्टी आणली. आधीचं घड्याळ चार्ज करायला ती विसरायची. या पट्टीत सेलच नव्हता. भिंतीवरच्या पेटीतून रेडिओ लहरी निघत, त्यांच्यावरच ती चाले. हात जमिनीलगत राहिला, की आम्हा मामा-भाच्यांच्या फोनवर संदेश येणार होता.

“म्हणजे फुकटचंच खाते की ही,” ताई म्हणाली. “तुझ्या मामासारखी.”

“आई, पेटी तेवढी बंद करायची नाही.”

“घरात असताना नाही करणार. घरात माणूसच नसेल, तर पेटी बघणार कोणाला?”

मग ती बाजाराला निघाली, की ‘पेटीशी संपर्क नाही’ असा संदेश येई आणि भाचा फोन करून हसे, “मामा, स्वारी निघाली.”

त्या मंगळवारी सकाळीही संदेश आला. पेटी दिवसभर बंदच राहिली. परत आल्यावर बटण दाबायला ती विसरे, फोन पिशवीतच राहून जाई. सगळं आमच्या अंगवळणी पडलेलं.

दिवेलागणीला शेजारीण डोकावली. दार नुसतं लोटलेलं, आत काळोख. तिने चाचपडत भिंतीवरची सगळी बटणं दाबली, त्यात पेटीचंही. ताई दाराशी पडली होती. हातात पिशवी, एकाच पायात चप्पल.

शेजारीण माणसं बोलावायला धावली. मी कामावरून घरी येऊन बसलो होतो, तोच पट्टीचा, पडल्याचा संदेश आला आणि पाठोपाठ भाच्याचा फोन. “मामा, आई पडली आहे. आत्ताच. धावा, लगेच उचललंत तर काही होणार नाही.”

दोन गल्ल्या मी धावतच गेलो. ताईचं मनगट हातात घेतलं. ते केव्हाच थंड पडलं होतं.