आपण आणि आम्ही

‘मावशी, आई गेली,’ इरा फोनवर एवढंच मराठीत म्हणाली आणि पुढचं सगळं हिंदीत बोलली. शैलाताईंनी हे चालवून घेतलं नसतं, हा पहिला विचार माझ्या मनात आला. मग रडू फुटलं... त्याला आता दीड महिना झाला.

गाझियाबादला आम्ही एकाच सोसायटीत राहायचो. शैलाताई चिनी भाषा शिकवत. परदेशी कंपन्या आल्या, गुडगावात उंच इमारती झाल्या, तशी तिथे काही चिनी बोलणारी कुटुंबंही राहायला आली. मुलांशी घरात कोणती भाषा बोलायची हे ती कशी ठरवतात, याचा अभ्यास बाईंनी हाती घेतला. लोकांच्या जेवणाच्या टेबलाशी वही घेऊन बसायच्या. दुसऱ्यांच्या घरात नाक खुपसायची ही बरी सोय, असं मी चिडवायची. एकदा बीजिंगकडच्या एका घरून परतल्या त्या खुशीतच. ‘अगं, त्यांच्याकडेही आपल्यासारखे दोन शब्द आहेत. समोरच्याला धरून म्हणायचं ते ‘आपण’, सोडून म्हणायचं ते ‘आम्ही’. मुलगा सगळीकडे आम्हीच म्हणतो, म्हणून ती आई हिरमुसते. आणि आपल्या इराला दोन्हीला एकच, हम!’

इरा दिल्लीकडेच वाढलेली, तिचं मराठी हिंदीतून उतरायचं. ‘आई, आम्ही पिक्चरला जाऊया?’ असं विचारायची. ‘तुम्ही जा, मी बसते घरी,’ शैलाताई मुद्दाम म्हणत. लहानपणी ती हसायची, पुढे चिडायला लागली. परक्या घरांत मुलांची एकही चूक न काढणाऱ्या या बाई स्वतःच्या टेबलावर मात्र हिंदीचा एक शब्द येऊ देत नसत. शेवटी पोरगी ताट घेऊन आपल्या खोलीत जेवू लागली. ताईंचं चुकलंच, असं मला अजूनही वाटतं, आणि ते त्यांना मी कधी सांगितलं नाही.

हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात इरा त्यांचे पाय चेपत बसली होती. ‘आई, आम्ही संडेला घरी जाऊ,’ ती मायेने म्हणाली. शैलाताईंचा चेहरा एकदम उतरला. ‘आपण म्हण,’ त्या म्हणाल्या. ‘प्लीज यार आई, अभी भी ग्रामर?’ म्हणत इरा डोळे पुसत बाहेर गेली. ताई कितीतरी वेळ दाराकडे बघत होत्या. ती परतली तेव्हा त्यांना ग्लानी आली होती, आणि त्यातून त्या पुन्हा बोलल्या नाहीत.

गेल्या रविवारी इराकडे गेले. त्याच टेबलाशी तिने मला जेवायला वाढलं, स्वतः मात्र नुसती बसून राहिली. ‘मावशी,’ ती म्हणाली, ‘त्या दिवशी ती माझी चूक काढत नव्हती ना?’

चूकच काढत होत्या असं खोटं बोलून तिला सावरता आलं असतं. ‘नाही गं,’ मी म्हटलं. ‘घाबरल्या होत्या त्या.’

इरा आईच्या खुर्चीकडे वळली. मग शब्द जुळवत, हळूच म्हणाली, ‘आई, आपण घरी जाऊ.’