मनगटावरचं खांड

गिटार शिकवायला बसले की वासूभाऊ आधी डबीतून सुपारीचं एक खांड काढत आणि शिकणाऱ्याच्या उजव्या मनगटावर ठेवत. मग तार छेडायचं पिक तारेवर एकदा खाली, एकदा वर, असं वेग वाढवत चालवायचं. खांड पडलं की पुन्हा पहिल्यापासून. "बोटाले घाई, मनगटाले झोप," असं ते सांगत.

दिवसा ते इतवारी बाजारातल्या ठोक दुकानात सुपारी निवडत. संध्याकाळी दुकानामागच्या खोलीत शिकवणी. मी वर्तमानपत्रात उपसंपादक. चाळिशीत त्यांच्याकडे गेलो. पहिल्या दिवशी माझं खांड सात वेळा पडलं. "काहून धावून राहिला गा? पेपर छापाचा हाय का?"

त्यांचं स्वतःचं खांड कधी पडलं नाही. एका ऑर्केस्ट्रात ते जलद तुकडे वाजवत. त्या जागेवर त्यांचा जीव होता. "दुकान पोटाले, हे मले," म्हणत.

गेल्या हिवाळ्यात वेग वाढला की त्यांच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आत वळू लागली, पिक निसटू लागलं. त्यांनी सराव दुप्पट केला. खांडाऐवजी अख्खी सुपारी ठेवली. ती पडली नाही. बोटं आणखी वळली. ऑर्केस्ट्राने दुसरा वादक घेतला.

डॉक्टरांकडे मी सोबत होतो. वासूभाऊंनी सुपारी ठेवून वाजवून दाखवलं. डॉक्टर म्हणाले, हे मनगट स्थिर नाही, आवळलेलं आहे. सुपारी पडू नये म्हणून तुम्ही ते वर्षानुवर्षं आवळत आलात. हात पूर्वीसारखा होईल असं सांगता येत नाही.

खोलीत आल्यावर त्यांनी गिटार माझ्या हातात दिली. "वाजव."

मी खांड ठेवलं आणि अख्खा तुकडा पहिल्यांदाच न पाडता वाजवला. मला शाबासकीची अपेक्षा होती. त्यांनी माझा हात कोपराखाली दाबून पाहिला.

"लाकूड झालं गा तुयं. म्याच केलं."

शिकवणी त्या दिवशी बंद झाली. पुढचे काही आठवडे ते जुन्या विद्यार्थ्यांच्या घरी जात, दारातच एकेकाचा हात दाबून पाहत आणि चहा न घेता निघत. मग तेही थांबलं.

आता ते डाव्या हाताने सुपारी निवडतात. उजवा मांडीखाली असतो. मी रोज खांडाशिवाय वाजवतो आणि कोपराखाली दाबून पाहतो.

"सैल झाला का गा?" दुकानात गेलो की ते विचारतात.

"थोडा," मी म्हणतो.

झालेला नाही.