बाबांच्या गाडीचा बंद काटा

मंडळी, दुपारी घाटावरून घरी आलेय, पण जीव अजून टावर चौकातच अडकलाय.

सकाळी बाबांच्या अस्थी क्षिप्रेत सोडायला निघालो. त्यांचीच जुनी डिझेल जीप मी चालवत होते, शेजारी दादा मांडीवर कलश घेऊन. टावर चौकात गाडी आचके देत बंद पडली. डिझेल संपलं होतं!

डिझेलचा काटा कित्येक वर्षं बंदच आहे. टाकीत किती उरलंय ते बाबांना बरोबर ठाऊक असायचं, म्हणून तो कुणी दुरुस्तच केला नाही.

मीच ऑटोनं जाऊन कॅनमध्ये डिझेल आणलं, ओतलं, चावी फिरवली. नुसतीच घरघर. मागे हॉर्न, त्यात घाटावर थांबलेल्या पंडितजींचा फोन, "कहाँ रह गए? दूसरे यजमान बैठे हैं!"

"सेल्फ मारू नकोस, बॅटरी बसेल," दादा ओरडला. "डिझेलच्या पाइपात हवा शिरलीय. बॉनेट उघड, डिझेल फिल्टरवरचा स्क्रू ढिला कर, बुडबुडे थांबेपर्यंत तिथलाच छोटा हातपंप दाब."

त्यानंच केलं असतं, पण कलश वाटेत खाली ठेवायचा नाही, दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही, असं आत्यानं बजावलं होतं. तो कलश छातीशी धरून सांगत राहिला, मी रडत पंप दाबत राहिले.

शेवटी गाडी सुरू झाली. पुढे पेट्रोल पंपावर माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "बाबा, किती भरायचं?"

दादा कलशाकडे बघत बसला.

तुमच्या घरातलं काय काय एकाच माणसाच्या डोक्यात आहे? आजच विचारून घ्याल का?